आधी पांझराकाठ, मग लळिंग

धुळ्यात पांझरा नदीकाठच्या कट्ट्यावर परवा आप्पांनी जाहीरच केलं, "येत्या रविवारी सगळी गल्ली लळिंगच्या किल्ल्यावर न्यायची. एकदा चढले की चालायची गोडी लागेल."

"गोडी नाही, पायात गोळे येतील," मास्तर म्हणाले. "चढताना दम लागतो, तो बसला की निघून जातो. खरा मार बसतो तो उतरताना. मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात. सवय नसली की दोन दिवसांनी जिना उतरवत नाही. मग तो माणूस पुन्हा येतो का?"

"मग काय, नुसते नदीकाठी फिरायचे?"

"सहा आठवडे, हो."

इथून वाद रंगला. बापूंचा हट्ट रोज 10,000 पावलांचा. मास्तरांनी तो आकडा कुठून आला ते सांगितलं: 1965 साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रम सांगते. म्हणजे कमीत कमी पाच दिवस अर्धा-अर्धा तास. वेग कसा ओळखायचा? चालता चालता बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.

"आकडे ठीक," ताई म्हणाल्या, "पण गट मोडतो तो वेगळ्याच कारणानं. तरणे पुढे पळतात, मागच्यांना वाटतं आपण ओझं झालो. चौथ्या दिवशी ते घरीच." त्यांचा उपाय मला सगळ्यात पटला. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं, एक दमदार गडी शेवटी, आणि त्याच्या मागे कुणीच राहायचं नाही. शिवाय बायकांना पहाटेचं पाणी आणि डबे असतात, म्हणून संध्याकाळची दुसरी वेळ हवीच. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांच्या खिशात साखर असावी. छातीत दुखतं त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आप्पा जरा नरमले. "बरं, सहा आठवडे. पण त्यात चढाची तयारी?"

"तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस जिना. चढण्यापेक्षा सावकाश उतरण्यावर भर, म्हणजे मांड्या तयार होतील," मास्तर म्हणाले. "बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात."

वेळेचा हिशेब त्यांनी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाच्या 1892 च्या नियमानं मांडला: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. "आपल्या गल्लीसाठी त्याची दीडपट धरा. पाणी माणशी दोन लिटर."

"आणि उशीर करू नका," ताई म्हणाल्या. "होळी झाली की खान्देशात नऊ वाजताच ऊन चावतं. कुणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका."

बापूंनी पाटणादेवीचं नाव काढलं. ते गौताळा अभयारण्यात येतं, वनखात्याला विचारल्याशिवाय आतल्या वाटांना जायचं नाही, म्हणून ते पुढच्या हिवाळ्यावर गेलं.

सोमवारी सकाळी साडेसहाला पुलापाशी जमायचं ठरलं. पुढे कोण चालणार? ताईंच्या सासूबाई.