दूध-गुळाने फवारणीचं विष उतरत नाही

परवा यवतमाळकडच्या माझ्या मावसभावाने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "ताई, असं केलं तर चालते ना?" मेसेज असा: फवारणीआधी ग्लासभर दूध आणि गुळाचा खडा घ्या, विष बाधत नाही. बाटलीवर हिरवा त्रिकोण असलेलं औषध निरुपद्रवी असतं. तणनाशक फक्त गवताला मारतं. बीटीमुळे (बोंडअळीला मारणारा जनुक घातलेल्या कपाशीमुळे) फवारण्या कमी झाल्यात, उगाच घाबरू नका.

याच जिल्ह्यात २०१७च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. त्या जिल्ह्यात हा मेसेज फिरावा याचा मला संताप येतो.

दूध पोटात जातं. फवारणीचं विष शिरतं ते अंगावरच्या ओल्या बनियनमधून, उघड्या हातापायांतून, श्वासातून. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं शरीरातलं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. ते बंद पडलं की नसांचे संदेश थांबतच नाहीत. दरदरून घाम, तोंडाला लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मग श्वास कोंडतो. यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन आणि वेळेत मिळालेला दवाखाना लागतो. गुळाचा इथे काही संबंध नाही. नुकसान मात्र आहे. दूध प्यालेला माणूस निर्धास्त होतो, हातमोजे घालत नाही, नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतो. माझ्या भावाला तसं फुंकताना मी स्वतः पाहिलंय.

हिरवा त्रिकोण म्हणजे लाल, पिवळ्या, निळ्यापेक्षा कमी विषारी, एवढंच. शिवाय पंपात दोन-तीन औषधं एकत्र ओतल्यावर बाटलीवरच्या रंगाला काय अर्थ उरला?

तणनाशकाचं म्हणाल तर पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उताराच नाही. डॉक्टरांच्याही हातात फारसं काही राहत नाही.

बीटीबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करते. २००२मध्ये परवानगी मिळाल्यावर हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या होत्या. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी या किडींना बीटीने काही होत नाही आणि गुलाबी बोंडअळी तर बीटीला पचवून बसली. २०१७ला पंप पाठीवर घेऊन उभे होते ते बीटी कपाशीतच.

भावाला मी उलट लिहिलं: वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारू नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा, मास्क घाल. नोझलला तारेने किंवा ब्रशने साफ कर. उपाशीपोटी जाऊ नको, दूध प्यायचं तर खुशाल पी, पण भूक म्हणून. मळमळलं, डोळ्यांपुढे अंधारलं तर तिथंच थांब, कपडे काढ, अंग साबणाने धू आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत ने. उतारा कोणता द्यायचा ते त्या लेबलवर छापलेलं असतं.