गच्ची फक्त सभासदांसाठी

आज संध्याकाळी बँकेतून आले तर लिफ्टमध्ये नवी नोटीस. टाईप केलेली, शिक्का मारलेली, चारही कोपऱ्यांना सेलोटेप. 'गच्चीचा वापर फक्त सभासद व त्यांच्यासोबत आलेल्या पाहुण्यांनी करावा. घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी गच्चीवर बसू नये, वाळवण घालू नये. सर्वांच्या आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय घेण्यात आला आहे.'

आरोग्याच्या दृष्टीने! तिसऱ्या मजल्यापर्यंत मी तेवढंच वाचत होते. या 'सर्वां'मध्ये कोण कोण येतं, ते लिहायला कागद पुरला नसावा.

आमच्याकडच्या मावशींना तुमच्यातले बरेच जण ओळखतात. (गणपतीत माझ्याकडे उकडीचे मोदक खाल्ले असतील तर ते त्यांनी वळलेले. मला कळ्या जमत नाहीत, आज जाहीर करून टाकते.) पूर्वी त्या रुळांलगतच्या झोपडीत राहायच्या. रेल्वेच्या कामासाठी झोपड्या हलल्या आणि त्यांना मानखुर्दला पक्कं घर मिळालं. सव्वादोनशे चौरस फूट, आत संडास, आत नळ, कागदावर नाव. तेव्हा पेढे घेऊन आल्या होत्या. मी तोंडात पेढा घालून म्हणाले होते, "सुटलात हो मावशी."

दीड वर्षापूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्यांच्यासोबत त्यांची धाकटी यायला लागली. एसवाय बीकॉमला होती. कामाला हात लावायची नाही, सरळ गच्चीवर जायची. पाण्याच्या टाकीला टेकून चटईवर बसायची, मांडीवर अकाउंट्सचं पुस्तक. टाकीची सावली सरकली की चटई सरकवायची. दहा ते एक, रोज. मला, खरं सांगते, राग यायचा. आई चार घरची भांडी घासतेय आणि ही ऊन खात बसलीय. एका रविवारी न राहवून बोललेही, "अगं, आईला जरा हातभार लाव की." "हो काकू" म्हणाली, उठली, आणि दोन पावलांवर कठड्याला धरून उभी राहिली.

टीबी होता. वजन छत्तीस किलो.

गल्लीतल्या डॉक्टरने तीन महिने खोकल्याच्या बाटल्या बदलून बदलून दिल्या होत्या. मग कोणीतरी बेडका तपासायला सांगितलं आणि सरकारी गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या फुकट आहेत, चांगल्या आहेत, साधा टीबी असेल तर सहा महिने नेमाने घेतल्या की बहुतेक जण बरे होतात. सकस खाण्यासाठी महिन्याला 500 रुपये मिळायचे, त्याचे नोव्हेंबर 2024पासून 1000 झाले. संध्याकाळी उशिरापर्यंत उघडे असणारे पालिकेचे 'आपला दवाखाना' निघाले, तेही चांगलंच झालं, कामावरून सुटलेली बाई तिथे जाऊ तरी शकते. सरकार काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. पण मावशी मला काय म्हणाल्या ते ऐका. "ताई, डॉक्टर म्हणले हवेशीर जागंत ठेवा, उन्हात बसवा. ऊन मी कुठनं आणू?"

मला ते बोलणं कळलंच नाही. मुंबईत घामाने जीव जातोय आणि ह्यांना ऊन मिळत नाही?

मग गेले त्यांच्याकडे. दादरहून कुर्ला, तिथे गाडी बदलून मानखुर्द. मंगळवार, भर दुपारी बारा. सात मजली इमारत, मावशींचा दुसरा मजला. जिन्यात मोबाईलची बॅटरी लावून चढले. घरात ट्यूबलाईट चालू. खिडकी बंद. मी शहाणपणा करत उघडायला गेले तर मावशी ओरडल्या, "नको ताई!" दोन इमारतींमध्ये तीन मीटर जागा. वरच्या मजल्यांवरचा कचरा सगळा त्या फटीत, त्यावर ड्रेनेजचं पाणी, उंदीर. समोरच्या घरातली कुकरची शिट्टी आपल्या ओट्यावर झाल्यासारखी वाजते. वर मान करून पाहिलं तर आभाळाची एक पट्टी, ब्लाऊजच्या काठाएवढी. दोरीवर तिसऱ्या दिवसाचे कपडे, तरी दमट. म्हणून तर मावशी दर एप्रिलमध्ये मिरच्या वाळवायला आमच्या गच्चीवर आणतात. इतकी वर्षं मला वाटायचं, आमची गच्ची मोठी आहे म्हणून.

आता मला सांगा, हा टीबी कुठे तयार झाला? फुप्फुसात? तो तयार झाला एका टेबलावर, जिथे तीन मीटरचा नकाशा मंजूर झाला. गरिबांची घरं म्हटली की मोकळ्या जागेचे नियम सैल होतात, आणि सैल करण्यासाठी नियमातच सोय करून ठेवलेली असते. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईची माणसं गोवंडी-मानखुर्दच्या अशाच पुनर्वसन वसाहतींत फिरली, अहवाल दिला, की जिथे उजेड आणि हवा कमी तिथे टीबी जास्त. मावशींनी हे एका वाक्यात सांगितलं होतं. पालिकेचा 2009चा मानव विकास अहवाल आहे, त्यात शून्य ते एकच्या मोजपट्टीवर मलबार हिलच्या डी वॉर्डला 0.96 आणि गोवंडी-मानखुर्दच्या एम पूर्वला 0.05. एकच शहर, एकच पालिका. त्याच एम पूर्वमधल्या देवनारला 1927पासून आपण सगळे कचरा टाकतोय, आणि तिथली माणसं खोकली की म्हणतो, ह्यांना स्वच्छतेची सवय नाही हो.

आणि ह्यातलं काही कळत नव्हतं असं नाही. 1896ला मांडवीत प्लेग आला, तेव्हा साहेबाची पाचावर धारण बसली. 1898ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. कशासाठी? तर कोंदट वस्त्यांत हवा खेळवण्यासाठी. समुद्राचं वारं आत यावं म्हणून रस्ते कापले, दादर-माटुंग्याला आखून वसाहती वसवल्या. आमची हिंदू कॉलनी त्यातलीच. म्हणजे ज्या गच्चीवर आज नोटीस लागलीय ती गच्चीसुद्धा सरकारच्या धोरणातून आलेली आहे, आमच्या आजोबांच्या कर्तबगारीतून नव्हे! (ट्रस्टने गरिबांची घरं पाडली जास्त आणि बांधली कमी, हे मला माहीत आहे. इतिहासवाले मित्र लिहितीलच खाली.) सव्वाशे वर्षांपूर्वी या शहराला कळलं होतं की हवा हे औषध आहे. नंतर आपण ठरवलं की ते औषध सगळ्यांना परवडणार नाही.

जागा नाही मुंबईत, मान्य. रुळांशेजारी मरण्यापेक्षा हे बरं, तेही मान्य. पुढे? पक्कं घर दिलं म्हणून माणसाने श्वास मागू नये?

आता थोडं अवघड लिहिते.

मलाही टीबी झाला होता. 1994 साली, नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. जवळच्या चार माणसांशिवाय कोणाला माहीत नाही, लग्नाच्या वेळीही आईने 'न्यूमोनिया' सांगितलं होतं. मलाही त्या पोरीसारख्याच सहा महिने गोळ्या, तशीच केशरी लघवी, तशीच मळमळ. फरक इतकाच की मला बँकेने पगारी रजा दिली. आई सोवळ्यातली, तरी वेगळ्या भांड्यात दोन अंडी उकडून द्यायची आणि दुपारी मला ह्याच गच्चीवर, ह्याच टाकीला टेकून बसवायची. कोणी नोटीस लावली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू लोकरीची शाल देऊन गेल्या होत्या.

आणि मी त्या पोरीला म्हणाले, हातभार लाव.

लेकीच्या गोळ्यांच्या त्या सहा महिन्यांत मावशींनी एक खाडा केला नाही. खाडा केला तर पैसे कापणाऱ्या घरांत एक घर माझं होतं. महिन्यातून दोन सुट्ट्या, त्यावर झाली की कापायचे, असंच चालत आलंय ना आपल्याकडे? घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा 2008ला झाला. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या बाईची नोंदणी झालीय का विचारलं? मी नव्हतं विचारलं. सरकारला शिव्या घालणं सोपं असतं, मी वर चार परिच्छेद घातल्याच. पण आजारपणाची पगारी रजा ह्या बायकांना कायद्याने मिळायला हवी, आणि ती माझ्या खिशातून गेली तरी चालेल, असं आपण निवडणुकीत कधी मागितलंय? आपण पार्किंग मागतो.

आणि ही नोटीस कशी निघाली, तेही सांगते, नाहीतर आज झोप लागणार नाही. गेल्या महिन्यात सोसायटीच्या हळदीकुंकवाला मी कौतुकाने सगळं सांगितलं. पोर कशी बरी झाली, परीक्षा कशी दिली, आमच्या गच्चीवरच्या उन्हाने. मला वाटलं बायकांचे डोळे भरून येतील. त्यांनी फक्त 'टीबी' एवढा शब्द घरी नेला. व्हॉट्सॲप ग्रुपवर आठ दिवस गुपचूप चर्चा झाली असणार, मी सोडून वेगळ्या ग्रुपवर. लहान मुलं असलेल्या आयांना भीती वाटते, ती खोटी आहे असं म्हणत नाही. पण औषध लागू पडलं की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका उतरतो, त्यातून उघडी गच्ची, आणि पोरगी बरी होऊन वर्ष होत आलं! मिरच्यांना कुठला टीबी झालाय?

फोन केला एका पदाधिकाऱ्यांना. म्हणाले, "मॅडम, भावना समजतात, पण नियम सगळ्यांना सारखा." म्हटलं, माझ्या वेळी नव्हता. त्यांना कळलं नाही. मी समजावून सांगितलंही नाही. आज इथे लिहिलंय, वाचतील.

मावशी उद्या सकाळी दोन किलो ब्याडगी घेऊन येणार आहेत, पंधरा दिवसांपूर्वीच ठरलंय. नोटीस त्यांना मला वाचून दाखवावी लागणार नाही, त्या सातवी शिकल्यात. लेकीलाही घेऊन या म्हणून आत्ताच फोन केला. "कामाला का ताई?" म्हणाल्या. म्हटलं नाही, पाहुण्या म्हणून. सभासदासोबत पाहुणे चालतात, नोटिशीतच लिहिलंय.

उद्याची सीएलची रजा टाकलीय. माझ्या अजून पाच शिल्लक आहेत.