गाडी नंबर?

नव्या टॉवरातला फ्लॅट बघायला चालत जायचं, तर लोअर परळला उतरलं की टॉवर समोरच दिसतो. पहिली फसगत इथेच. श्रीनिवास मिलच्या जागेवरचा वर्ल्ड वन 280 मीटर उंच आहे. एवढं धूड लोकलच्या दारातूनही दिसतं, आणि दिसतंय म्हणजे जवळच असणार, असं डोळे परस्पर ठरवून टाकतात. पायांना कोणी विचारत नाही. त्याच्या आसपास उगवणाऱ्या नव्या टॉवरांच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून 5 मिनिटं’ असतं. जपानात घराच्या जाहिरातीत 80 मीटरला एक मिनिट धरायचं, असा नियम आहे. आपल्याकडे नकाशावर पट्टी ठेवतात; मधले रूळ आणि दुसऱ्याच्या कंपाउंडची भिंत पट्टीखाली जाते. शिवाय जाहिरातीत लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ झालेलं असतं, म्हणजे रिक्षावालाही नसलेल्या या भागात पत्ता विचारायची सोय संपली.

करी रोडकडून येणार असाल तर डिलाइल पूल लागेल. तो 2018 मध्ये बंद झाला आणि पुरता उघडायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. तेव्हा त्यावरून कुरकुर न करता चालावं.

पुढे फुटपाथ संपतो आणि बांधकामाभोवतीचे पत्रे सुरू होतात. पत्रा दिसला की रस्ता तिथेच ओलांडावा. ‘बघू पुढे’ म्हणणारा दुभाजकाच्या जाळीमुळे अडकतो आणि पत्रा व बेस्टची बस यांच्यामध्ये अंग चोरत जातो. ड्रम फिरवत येणाऱ्या मिक्सरला नेहमी आधी जाऊ द्यावं. त्याच्या पोटात साधारण 6 घनमीटर काँक्रीट असतं, ते घट्ट व्हायच्या आत ओतायचं असतं. तुमची घाई त्याच्यापुढे काहीच नाही. बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं गेटवरच धुतात, म्हणून तिथे बाराही महिने चिखल. बूट पुसायला जुना रुमाल ठेवावा.

मग गेट. वॉचमनच्या रजिस्टरात रकाने चार: वेळ, नाव, गाडी नंबर, काम. तिसऱ्यापाशी पेन थांबतं.

“गाडी नंबर?”

“चालत आलोय.”

तो तुमच्या खांद्यावरून मागे बघतो, गाडी कुठे दडवलीय का म्हणून. मग आत फोन लावतो. “गाडी नही है साब. खाली आदमी है.” आतून बराच वेळ काही बोलणं होतं. शेवटी तो त्या रकान्यात एक आडवी रेघ मारतो आणि दांडा वर करतो. बाजूने जाता येत असलं तरी दांडा वर होईपर्यंत थांबावं. त्याचंही मन राहतं.

आत पायऱ्या शोधू नयेत. रॅम्प असतो, गाड्यांसाठी, आणि वळणावर आतल्या कडेने चालणारा माणूस ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून बाहेरची कड धरावी. पावसाळा असेल तर छत्री टॉवरच्या वीस पावलं आधीच मिटावी. उंचावरचा जोराचा वारा भिंतीवर आपटून खाली घसरतो आणि नेमका पायथ्याशी, दाराच्या तोंडावर वळतो. छत्रीचं कमळ होतं ते तिथेच.

सेल्स ऑफिसात थंड पाणी मिळतं, त्या बदल्यात मोबाइल नंबर जातो. सँपल फ्लॅट बघताना टेप काढायला लाजू नये. खोल्या ऐसपैस दिसतात कारण दारं लावलेलीच नसतात आणि पलंग खास बुटके बनवलेले असतात. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवरच्या मंजूर नकाशाशी मापं ताडावीत; तिथे चौरस मीटर असतात, चौरस फुटांसाठी 10.764 ने गुणावं. पिशवीत एक हँगरही न्यावा. कपाटाला 2 फूट खोली हवी. हँगर तिरका झाला, तर कपाट फक्त फोटोपुरतं आहे. ‘चाळिसावा मजला’ म्हणतील तेव्हा पार्किंगचे मजले त्यात धरलेत का आणि तेरावा गाळलाय का, हेही विचारावं.

परत निघताना कळतं की एक्झिट पलीकडच्या रस्त्याला आहे. तिथला दुसरा वॉचमन तुमची आउट वेळ लिहायला नोंद शोधतो, आणि शोधतो गाडीच्या नंबरावरून. बोट खाली खाली सरकत जातं. अशा वेळी रकान्यातली आडवी रेघ दाखवावी आणि सांगावं, “ही. ही माझी.”