जुन्या गाडीच्या टिकाऊपणावर बोलण्याची पूर्वतयारी

जुन्या गाड्यांचे दर्दी होण्यासाठी आपल्याकडे जुनी गाडी असलीच पाहिजे, असा एक गैरसमज इंदुरात पसरलेला आहे. गाडी पुढेमागे घेता येते. आधी हवे ते मत, आणि रविवारी सकाळी पोहे-जिलबी संपेपर्यंत ते न थांबता मांडण्याची तयारी. मत सोपे आहे: पूर्वीच्या गाड्या टिकत, आताच्या टिकत नाहीत. कोणी पुरावा मागितलाच, तर कॉलनीत उभी असलेली १९८६ सालची एखादी मारुती ८०० दाखवावी. तिच्याबरोबर त्याच वर्षी रस्त्यावर आलेल्या आणि केव्हाच भंगारात गेलेल्या गाड्या साक्षीला येऊ शकत नाहीत, ही आपली सर्वांत भक्कम बाजू आहे.

इंदूरकराला या चर्चेत एक वडिलोपार्जित सवलतही आहे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३०च्या दशकात अमेरिकेत ड्युझेनबर्ग एसजे ही आलिशान गाडी तयार झाली आणि लंडनच्या गर्नी नटिंगने तिच्यावर बॉडी चढवली, हे वाक्य पाठ करून ठेवावे व चर्चा रेंगाळू लागली की काढावे. ती गाडी आता इंदुरात नाही, आणि तिचा आपल्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या गळक्या रेडिएटरशी काय संबंध, हे विचारण्याइतके असंस्कृत आपल्या रामबागेत कोणी नाही. पीथमपूरचे नाव मात्र चुकूनही काढू नये. तेथे नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या हाय-स्पीड ट्रॅकवर आणि मुद्दाम खडबडीत बांधलेल्या रस्त्यांवर गाड्या तपासल्या जातात, मोजमाप होते, नोंदी राहतात. टिकाऊपणाच्या चर्चेला याहून घातक काही नाही. आपल्याला राजवाडा ते सराफा एवढा ट्रॅक पुरे.

आता मूळ प्रश्न: गाडी टिकली म्हणजे नेमके काय टिकले? हा प्रश्न आपण स्वतःहून कधीही उपस्थित करू नये. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचे झिजलेले सिलिंडर दोनदा बोअर करून, म्हणजे आतून कोरून मोठे करून, त्यात ओव्हरसाईज पिस्टन बसलेले असतात, हेड गॅस्केट, क्लच प्लेट, डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटर बदललेले असतात, गंजलेला फ्लोअर कापून खाली नवा पत्रा वेल्ड केलेला असतो, दोन दरवाजे दुसऱ्याच गाडीचे असतात, आणि कंपनीतून आलेल्यांपैकी चेसिस नंबर तेवढा जागेवर असतो. तरीही ‘गाडी ओरिजिनल आहे’ असे म्हणण्याची पद्धत आहे आणि ती मोडू नये. ‘इंजिन आजवर उघडलेले नाही’ ही स्तुती आहे, आणि ‘इंजिन नुकतेच नव्याने बांधून घेतले’ हीसुद्धा स्तुतीच आहे. फक्त दोन्ही वाक्ये एकाच गाडीविषयी, एकाच श्रोत्यासमोर बोलू नयेत.

मारुती ८०० बाबत तर अधिकच सावध राहावे. ही गाडी डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा दीर्घ काळ बनली आणि पंचवीस लाखांहून अधिक बनली. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन सोपे, हात बसलेला मिस्त्री प्रत्येक चौकात, आणि सुटे भाग स्वस्त. म्हणजे तिच्या दीर्घायुष्यात पोलादापेक्षा बाजाराचा वाटा मोठा आहे. जी एक धावते आहे ती न टिकलेल्या अनेकींच्या आरशांवर, दिव्यांवर आणि गिअरबॉक्सवर धावते आहे. हे सत्य मिस्त्रीला ठाऊक असते. तो बोलत नाही, कारण त्याचे घर आपल्या मतावर चालते.

गाडी विकत घेण्याचा प्रसंग आलाच, तर ती पाहण्यास दुपारी जावे, म्हणजे मालकाने इंजिन गरम करून ठेवलेले असेल आणि थंड इंजिनाची खडखड ऐकण्याचा त्रास वाचेल. खिशात लोहचुंबक नेऊ नये. पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही आणि उगीच मने दुखावतात. ऑईलची टोपी उघडून आत दुधाळ थर आहे का, म्हणजे ऑईलमध्ये पाणी मिसळते आहे का, हे पाहू नये. मागून निघणारा निळा धूर ऑईल जळत असल्याचा असतो. त्याकडे पाठ करून उभे राहावे. टायरच्या कडेवर बनावटीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते. पण नक्षी अजून शिल्लक असताना रबराचे वय विचारणे शिष्टाचाराला धरून नाही. मीटर पाच आकड्यांचा असेल आणि त्यावर ४३,००० दिसत असेल, तर त्याने ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून किती वेळा सुरुवात केली, हा हिशेब चित्रगुप्तावर सोडावा. किनाऱ्यावरच्या शहरातून आलेल्या गाडीपेक्षा माळव्याच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी कमी गंजते, ही एवढीच खरी माहिती आपल्या उपयोगाची आहे. तिचा मुंबईच्या भावजींसमोर मनसोक्त वापर करावा.

पत्र्याचा विषय निघाला की बॉनेटवर बोटांनी ठोकून ‘ऐका’ म्हणावे. नव्या गाडीचा पुढचा भाग चेपतो, कारण धडकेचा जोर त्याने खावा म्हणूनच तो तसा बनवलेला असतो, असे इंजिनिअरिंगला असलेला एखादा भाचा सांगू लागेल. त्याला चहा आणायला पाठवावे. जो धक्का ॲम्बेसेडरचा बंपर घेत नाही तो आत बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत जातो, ही गोष्ट बायकामुलांसमोर बोलण्यासारखी नाही.

गाडी बंद पडू लागली, तर पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलला दोष द्यावा. जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलसाठी बनलेले नव्हते हे खरेच आहे. त्यामुळे वीस वर्षे न बदललेल्या नळीचा दोषही त्याच खात्यात सहज टाकता येतो.

पुण्याचे लग्न असेल, तर मात्र रेल्वेचे आरक्षण वेळेवर करावे. पुण्याच्या रस्त्यावरचा बिजासन घाट आपली जुनी गाडी आजही तिसऱ्या गिअरमध्ये चढते, हे डब्यातल्या सहप्रवाशांना सांगता येते आणि ते तपासणे त्यांना शक्य नसते.

पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले, ही तक्रार दर भेटीत करावी. त्यासाठीच्या फिटनेस तपासणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याच्या गाडीचे टायर मागून आणल्याचे सांगू नये. आणि वहिनी खरोखरच कंटाळून भंगारवाल्याला फाटकाशी घेऊन आल्याच, तर होळकर, ड्युझेनबर्ग, ओरिजिनल इंजिन वगैरे त्याला ऐकवू नये. पत्रा जाड आहे एवढेच सांगावे. तो वजनावर भाव करतो, त्यामुळे या गुणाचे रोख पैसे देणारा इंदुरातला पहिला माणूस तोच निघेल.