शेंगदाण्यांची पावती आणि आपली कारकीर्द

संरक्षण खात्यातील भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा नागरी नेता होण्याचे आपण ठरवले आहे, असे कळते. निवड उत्तम आहे. शाळा, रस्ते किंवा औषधे यांच्या खरेदीवर बोट ठेवणाऱ्याला लोक फार तर उपद्रवी म्हणतात. आपल्याला मात्र पहिल्याच पत्रकार परिषदेनंतर थेट देशद्रोही ही पदवी मिळेल. इतर क्षेत्रांत एवढी उंची गाठायला उमेदीची दहा वर्षे खर्ची पडतात.

सर्वप्रथम प्रश्न विचारण्याची योग्य वेळ निवडावी. युद्ध चालू असताना खरेदीबद्दल विचारणे म्हणजे सैनिकांचे मनोधैर्य खच्ची करणे होय, आणि शांततेच्या काळात विचारणे म्हणजे संभाव्य शत्रूला आपली तयारी कळवणे होय. करारापूर्वी विचारल्यास वाटाघाटी बिघडतात, करारानंतर विचारल्यास पुरवठा रखडतो, आणि पुरवठा पूर्ण झाल्यावर विचारल्यास प्रकरण जुने झालेले असते. हे सर्व वगळून जो काळ उरेल, त्यात आपण निःसंकोच विचारावे.

विषयाची निवड करताना मात्र घाई करू नये. नवशिके लोक पहिल्याच फटक्यात पाणबुडीला किंवा लढाऊ विमानाला हात घालतात आणि आयुष्यभर तिथेच अडकून पडतात. पाणबुडीची किंमत रास्त आहे की नाही हे ठरवायला तुलनेसाठी दुसरी पाणबुडी लागते, आणि ती बाजारात टांगलेली नसते. शिवाय त्या एका आकड्यात प्रशिक्षण, सुटे भाग, कित्येक वर्षांची देखभाल आणि विक्रेत्याने खरेदीदार देशात करावयाची ऑफसेट गुंतवणूक असे सारे एकाच गाठोड्यात बांधलेले असते. त्यात मध्यस्थाचे ‘सल्ला शुल्क’ नेमके कोणत्या घडीत आहे हे गाठोडे बांधणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून आपण अंड्यांपासून सुरुवात करावी. युक्रेनमध्ये जानेवारी २०२३ मध्ये एका वृत्तपत्राने सैनिकांच्या भोजनाचा करार छापला, तेव्हा त्यात एका अंड्याचा भाव १७ ह्रिव्निया होता आणि कीवच्या दुकानांत तेच अंडे सुमारे ७ ह्रिव्नियांना मिळत होते. क्षेपणास्त्राचा भाव कोणाला पाठ नसतो, अंड्याचा मात्र प्रत्येक घरात पाठ असतो. मंत्र्यांनी आधी ती तांत्रिक चूक असल्याचे सांगितले, उपमंत्र्यांनी काही दिवसांतच राजीनामा दिला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मंत्रीही बदलले. शस्त्रे सोडून इतर वस्तूंचे खरेदीदर जाहीर करण्याचा कायदा तर ऐन युद्धात झाला, आणि अंड्याचा भाव शत्रूला कळूनही आघाडी कोसळली नाही. हा शेवटचा तपशील आपण चारचौघांत सांगू नये. गोपनीयतेवर ज्यांचे संसार चालतात त्यांना उगाच धक्का बसतो. ज्या पत्रकाराने हे प्रकरण बाहेर काढले, त्याच्या घराच्या दारावर पुढे जानेवारी २०२४ मध्ये काही अनोळखी माणसे धडका देऊन आणि तो देशद्रोही असल्याचे कागद चिकटवून गेली. कामाची दखल दारापर्यंत येते ती अशी.

आता भाषेकडे वळू. ‘लाच’ हा शब्द आपल्या अहवालात चुकूनही येता कामा नये, कारण या व्यवसायात तो कोणीच वापरत नाही. लॉकहीड कंपनीने विमाने खपवण्यासाठी जपानमध्ये वाटलेल्या पैशांचे प्रकरण १९७६ मध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत बाहेर आले, तेव्हा पावत्यांवर ‘१०० शेंगदाणे मिळाले’ असे लिहिलेले आढळले. शंभर शेंगदाणे म्हणजे दहा कोटी येन. माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना त्याच वर्षी अटक झाली, १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या मतदारांनी त्यांना प्रचंड मतांनी पुन्हा निवडून दिले. अपील प्रलंबित असतानाच १९९३ मध्ये ते वारले. ‘जनतेला सत्य कळले की बदल होतो’ हे वाक्य आपल्या भाषणात असेल, तर या प्रसंगानंतर ते किंचित खालच्या आवाजात म्हणावे. जर्मनीत तर परदेशी अधिकाऱ्यांना दिलेले असे पैसे १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ‘उपयुक्त खर्च’ म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असत. शब्द किती नेमका आहे पाहा. खर्च उपयुक्त नव्हता असे आपणही म्हणू शकणार नाही.

संघटना उभारताना स्वयंसेवकांची चणचण भासेल, ही भीती मनातून काढून टाकावी. आपल्या बैठकांना न चुकता येणारा, टिपणे काढणारा, वकिलांनी पाठवलेली पत्रे आवर्जून वाचणारा एखादा उत्साही माणूस कुठून तरी येतोच. ब्रिटनमधील शस्त्रव्यापारविरोधी मोहीम, म्हणजे कॅम्पेन अगेन्स्ट आर्म्स ट्रेड, ही संघटना या बाबतीत भाग्यवान ठरली. तिचा वकिलांशी झालेला गोपनीय पत्रव्यवहार बीएई सिस्टिम्स या शस्त्रे बनवणाऱ्या कंपनीच्या हाती लागला होता, आणि संघटनेवर लक्ष ठेवण्यासाठी ही कंपनी दरमहा २,५०० पौंड मोजत होती, हे २००७ मध्ये न्यायालयात उघड झाले. आपल्या प्रत्येक पत्रकासाठी इतके नियमित पैसे खर्च करणारा वाचक दुसरीकडे कुठे मिळणार? देणगीदार तर हप्ता चुकवतात आणि वर प्रगती अहवालही मागतात. देणगी परदेशातून आली तर तिची चौकशी होईल, हे गृहीत धरावे. तोफा परदेशी, दलाल परदेशी, दलालीचे खाते परदेशी. परकीय हात मात्र आपल्याच ताळेबंदात सापडतो.

न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वी याच संघटनेची पुढची वाटचाल अभ्यासावी. सौदी अरेबियाबरोबरच्या अल यमामा शस्त्रकरारातील बीएईच्या व्यवहारांची चौकशी ब्रिटनमध्ये डिसेंबर २००६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन थांबवण्यात आली. कॉर्नर हाउस या दुसऱ्या संस्थेला सोबत घेऊन ही मंडळी न्यायालयात गेली, एप्रिल २००८ मध्ये जिंकली आणि जुलैमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, हरली. म्हणजे विजयाचा आनंद तीन महिने टिकला, आणि या क्षेत्रात तो दीर्घकाळच समजावा. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत त्याच कंपनीने ४० कोटी डॉलरचा दंड भरला, पण तो खोटी निवेदने केल्याबद्दल. शेंगदाण्यांचा उल्लेख तिथेही कुठे नाही.

आपले वय आताच पंचेचाळीसच्या पुढे असेल, तर दुसरा एखादा छंद पाहावा, असे मी प्रांजळपणे सुचवीन. दक्षिण आफ्रिकेचा मोठा शस्त्रखरेदी करार १९९९ चा. त्याची खोलवर चौकशी व्हावी असा आग्रह धरणारे खासदार अँड्र्यू फाइनस्टाइन यांनी २००१ मध्ये संसद सोडली. चौकशी आयोग २०११ मध्ये नेमला गेला, २०१६ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या अहवालात भ्रष्टाचाराचा पुरावा सापडला नव्हता, आणि दोन नागरी संस्थांच्या अर्जावरून न्यायालयाने तो अहवालच २०१९ मध्ये रद्द ठरवला. वीस वर्षे झगडल्यावर हाती काय आले, तर चौकशी नीट झाली नव्हती याचे अधिकृत प्रमाणपत्र! बोफोर्स प्रकरणाची कागदपत्रे पत्रकारांपर्यंत पोहोचवणारे स्वीडनचे पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी तर आपले नाव सांगायलाच २०१२ साल उजाडू दिले. या कामाला लागणारी चिकाटी ही अशी असते, आणि ती अंगी आहे असे वाटत असेल तर मी आपल्याला अडवणार नाही.

एवढे करूनही आपण टिकलात, खटल्यांचा खर्च निभावलात आणि घरच्यांनी दार लावून घेतले नाही, तर एके दिवशी सरकारचे पत्र येईल. संरक्षण खरेदीत पारदर्शकता आणण्यासाठी नेमलेल्या सल्लागार समितीवर आपल्याला सन्मानाने बोलावलेले असेल. आपण अवश्य जावे. ज्या अधिकाऱ्याने अकरा वेळा आपला माहितीचा अर्ज फेटाळला, तो आता निवृत्त होऊन शस्त्र कंपनीचा सल्लागार झालेला असेल आणि समितीत आपल्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असेल. त्याच्याशी हसून बोलावे, कारण आपल्या कामाचा इतका सखोल जाणकार दुसरा कोणी नाही. बैठकीच्या आरंभी प्रत्येक सदस्यासमोर गोपनीयतेचे एक प्रतिज्ञापत्र ठेवले जाईल. इतकी वर्षे मागितलेली सगळी कागदपत्रे त्यावर सही केल्यावर आपल्याला पाहता येतील, फक्त त्यांतले एक अक्षरही कोणाला सांगता येणार नाही. सही करण्यासाठी पेन मात्र घरूनच न्यावे. तिथल्या पेनाची खरेदी कोणत्या दराने झाली हे विचारण्याची हौस एव्हाना अंगवळणी पडलेली असते, आणि त्या दिवशी ती आवरणे कठीण जाईल.