चेलो-पियानो मैफलीबद्दलच्या अभिप्रायाला सभागृहाकडून उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला आणि दोन्ही कलाकारांनाही दाखवला. ब्राम्सच्या सोनाटात (सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची, काही भागांत विभागलेली रचना) पियानोनं चेलोला, म्हणजे व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या, खर्जातल्या वाद्याला, झाकून टाकलं, पाचशे रुपये घेऊनही माइक लावला नाही, दहा मिनिटं उशीर झाला म्हणून पहिली रचना संपेपर्यंत बाहेर थांबवलं आणि मध्येच टाळ्या वाजवल्यावर शेजारच्यांनी डोळे वटारले, असं तुम्ही लिहिलंय.

शेवटचं आधी. तुम्हाला आवडलं, तुम्ही टाळ्या वाजवल्यात, यात गैर काहीच नाही. दोनशे वर्षांपूर्वी, बीथोव्हनच्या काळात, रचनेच्या दोन भागांच्या मध्ये टाळ्या पडतच असत.

दाराबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत. त्या दिवशीची पहिली रचना, बीथोव्हनचा ए मेजर सोनाटा (रचना क्रमांक म्हणजे ओपस ६९, १८०८), चेलो एकटाच सुरू करतो. पियानो गप्प असतो आणि सूर हळू, खालचा असतो. त्या दिवशी दार वेळेवर बंद झालं म्हणूनच आत बसलेल्यांना ती सुरुवात नीट ऐकता आली. उशिरा येणाऱ्यांना दोन रचनांच्या मध्येच आत सोडतो, हे तिकिटावर छापलेलं असतं.

आता ब्राम्स. 'पियानोनं साथीदारासारखं मागं राहायला हवं होतं,' असं तुमचं म्हणणं. आपल्याकडे गाण्यामागे पेटी किंवा सारंगी ऐकायची सवय असते, त्यामुळे ही अपेक्षा मला समजते. पण ब्राम्सनं १८६२ ते १८६५ या काळात लिहिलेला हा ई मायनर सोनाटा साथसंगतीचा नाहीच. सुरुवातीलाच चेलो जाड तारेवर, खर्जात गातो आणि पियानोचे स्वरसमूह मात्रा सोडून, मधल्या जागेत पडतात. शेवटच्या भागात फ्यूग आहे, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक उचलून एकमेकांवर रचत नेणं. तिथे ती सुरावट आधी पियानो मांडतो, मग चेलो तीच उचलतो आणि दोघं एकमेकांना जागा देत नाहीत. चेलोचा खर्ज आणि पियानोचा डावा हात एकाच पट्ट्यात वाजतात, त्यामुळे तिथे टक्कर होणारच. ती रचनेतच आहे आणि मला ती फार प्रिय आहे. पियानोवादकानं तिथे अंग चोरलं असतं तर सोनाटा अर्धाच राहिला असता.

पियानोचं झाकण पूर्ण उघडं ठेवायचं की अर्धं, हे दोघांनी तालमीत दोन्ही तऱ्हांनी वाजवून, एकानं हॉलमध्ये फिरून ऐकून ठरवलं. अर्ध्या झाकणानं वरचे सूर मंदावत होते, खालचा जडपणा मात्र तसाच राहत होता. तुम्ही पहिल्या रांगेत उजव्या टोकाला होतात, असं लिहिलंय. तिथे पियानो थेट समोर येतो आणि चेलो बाजूला पडतो. पाचव्या-सहाव्या रांगेत, मधोमध, तोल अगदी वेगळा ऐकू येतो.

माइक आम्ही लावणार नाही. दीडशेच्या आत खुर्च्या आणि लाकडी जमीन असलेल्या या हॉलमध्ये त्याची गरज नाही. माइक लावला की दोघांचा तोल ध्वनियंत्रणा चालवणाऱ्याच्या हाती जातो, आणि त्या दोघांनी इतके दिवस एकमेकांना ऐकत जे साधलं ते पुसलं जातं. पाचशे रुपयांतला मोठा वाटा पियानोवर खर्च होतो. त्याच्या सुमारे २३० तारा मैफलीच्या सकाळी आणि तालमीनंतर पुन्हा लावून घेतो, कारण पुण्याच्या पावसाळी हवेत सूर लगेच सरकतात.

पुढच्या मैफलीत शूबर्टचा आर्पेजिओने सोनाटा (आर्पेजिओने या जुन्या तंतुवाद्यासाठी लिहिलेला, आता चेलोवर वाजवतात) आणि डेब्यूसीचा १९१५ मधला सोनाटा आहे. डेब्यूसीचा जेमतेम बारा मिनिटांचा आहे आणि त्याच्या मधल्या भागात चेलो बराच वेळ तारा छेडत वाजतो. तिकीट घेतलेल्यांना दुपारची तालीमही ऐकता येते. तुम्ही तालमीला याच. तिकीट खिडकीवर या अभिप्रायाचा उल्लेख केलात तर सहाव्या रांगेतली मधली खुर्ची तुमच्यासाठी राखून ठेवू.

– संचालक