उतारापेक्षा उघड्या रानाकडे आधी बघा

जमिनीच्या धुपीला, म्हणजे माती वाहून जाण्याला, मुख्य कारण उतार, असं धुपीवरच्या एका लेखात म्हटलंय. डोंगराळ भागात पटेल, सोलापुरात नाही. इथली बरीच काळी रानं 1 ते 3 टक्के उताराची, तरी माती जाते. कारण रब्बी ज्वारीसाठी रान पावसाळाभर उघडं असतं आणि सप्टेंबरचा जोराचा पाऊस नेमका त्यावर पडतो. धुपीच्या सार्वत्रिक समीकरणात (पाऊस, माती, उतार, पीक यांचे गुणांक गुणून वर्षाला किती माती जाईल याचा अंदाज देणारं सूत्र) अशा सतत मशागत केलेल्या उघड्या रानाचा पीक-आच्छादन गुणांक 1, म्हणजे कसलंच संरक्षण नाही! काळी माती भेगांतून सुरुवातीचं पाणी पिते. एकदा फुगली की पाणी मुरणं मंदावतं आणि पुढचा पाऊस वाहून जातो.

याच समीकरणातला पावसाचा गुणांक काढताना वर्षाची बेरीज घेऊ नका. सरीची ऊर्जा गुणिले तिची 30 मिनिटांची कमाल तीव्रता, हे प्रत्येक सरीसाठी काढून मग बेरीज करायची. 12.5 मिमीखालच्या सरी सहसा वगळतात. सकाळी 8.30 ला एकदाच वाचलेलं पर्जन्यमापक इथं कुचकामी, कारण त्यातून तीव्रता कळत नाही; स्वयंचलित नोंद हवी.

दुसरं, या समीकरणात घळी (पाण्यानं कोरलेले खोल चर) आणि ओढ्याचे काठ येत नाहीत, ते वेगळे मोजा. खोल काळ्या जमिनीत समतल बांध (एकाच उंचीच्या रेषेवरचे, पाणी अडवणारे) घातले तर पाणी तुंबतं, भेगांतून बांध फुटतो आणि तिथूनच नवी घळ पडते. तिथं ढाळीचे बांध (जादा पाणी हळू बाहेर काढणारे, किंचित उताराचे) आणि पाणी बाहेर सोडायला पक्का सांडवा बरा. बांधांच्या मधल्या रानात जुलैतच साधारण 10 बाय 10 मीटरचे बंदिस्त वाफे (चहूबाजूंनी छोटे वरंबे घातलेले) पाडावेत, पेरणी उताराला आडवी.